पाणी ओलांडून सोडलेली म्हातारी

अन्याय झाला तो एका मांजरीवर आणि तिच्यासोबत माझ्या आईवर. केव्हा झाला तेही सांगते, म्हणजे पुढं कुणी "आमाला आठवत न्हाय" म्हणायला नको. आखाडातली अमावास्या सोमवारी झाली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, गावच्या सोसायटीचं गोदाम उघडायच्या वक्ताला. आई झाडू घेऊन पोचायच्या आत मांजरीला खताच्या रिकाम्या पोत्यात घातलं होतं आणि पोतं सोसायटीच्या ट्रॅक्टरवर चढलं होतं.

आई सोसायटीत झाडलोट करायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, तेव्हा मजुरांना सरकारी सुकडी वाटायच्या पालामागं तिला हे पिल्लू सापडलं. भुकेनं तोंड एवढंसं, कातडी सुरकुतलेली. म्हणून आईनं पहिल्या दिवसापासून तिला "म्हातारे" अशीच हाक मारली. पुढं गावात सोसायटीचं गोदाम झालं. तिथं आईला काम लागलं आणि म्हातारीलाही. बियाण्याच्या एकाही पोत्याला उंदीर लागला नाही, असं चेअरमन सभेत सांगायचे, आणि श्रेय द्यायचे गोदामाच्या सिमेंटला.

आमची म्हातारी सेक्रेटरीच्या खुर्चीवर झोपायची. त्याच्या घरी जाऊन चुलीपुढं बसायची, दुधात तोंड घालायची. ते दूध कुणी फेकलं नाही. आईचा कप मात्र खिडकीत वेगळा, कान तुटलेला, तिचा तिनं विसळून ठेवायचा. आमच्या मांजरीचं उष्टं त्यांना चालायचं, आमचा हात लागलेला कप चालायचा नाही. हे मी लहानपणापासून बघत आले. आई म्हणायची, "तिला कळत न्हाय, त्यांना कळतंय. शानं कोण, तूच ठरीव."

म्हातारीला नेलं त्या वर्षी पुन्हा दुष्काळ होता. ओढ्याला दोन वर्षं पाणी नव्हतं. बायका वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. मी जिल्ह्याच्या गावाला कॉलेजात होते. रोजगार हमीच्या मजुरीवर पत्रकं काढणाऱ्यांत होते, स्टेन्सिल कापायला तिथंच शिकले. पाणी नाही म्हणून वसतिगृह बंद झालं आणि मी घरी आले होते.

मंगळवारी दुपारपर्यंत आईनं गोदामाच्या चारी बाजू हाका मारल्या. मग मला घेऊन सोसायटीत गेली. सेक्रेटरी बसला होता, बियाणं न्यायला आलेले चार जण होते.

"साहेब, मांजर दिसंना."

"दिसणार न्हाय. कमिटीत ठराव झालाय." त्यानं वहीच काढली आणि वाचलं, "गोदामातील निरुपयोगी मांजर अन्यत्र सोडणेत यावे."

मी विचारलं, ती निरुपयोगी कधी झाली?

"डोळ्याला दिसंना, दात पडलं. आता उंदराला गोळ्या आल्यात. गोळी खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला आन् हितंच मेली, तर पाप कुणाच्या माथ्यावर? मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं. सोसायटीला पत्रे बदलायची ऐपत न्हाय, सोनं कुठलं?"

चौघं हसले.

"मंग कुठं न्हेली?" आईनं विचारलं.

"जिवंत सोडली. पाणी ओलांडून सोडली की परत येत न्हाय, म्हणून पाणी ओलांडून."

"कंचं पाणी?"

"आपला ओढा."

आई म्हणाली, "साहेब, त्या ओढ्यात दोन वर्सं पाणी न्हाय. तुमी वाळू ओलांडली."

सेक्रेटरी वही मिटत म्हणाला, "वढा तो वढाच."

संध्याकाळी ट्रॅक्टरवाले चाचा आमच्या दारात आले. आमचे शेजारी. खाली मान घालून सांगितलं, "येडशीच्या स्टेशनावर खत आणायला गेलतो. नाक्याच्या अलीकडं लिंबाखाली सोडलं. पोतं हाती दिलं तवा मला मालूम न्हवतं. सोडताना मालूम झालं." मी म्हटलं, चाचा, मालूम झाल्यावर परत का आणली नाही? ते म्हणाले, "नोकरी हाय, बेटी." हे उत्तर मी तेव्हा माफ केलं नाही, आजही करत नाही.

पण माझंही सांगते. येडशी आमच्यापासून चार कोस. बुधवारी उजाडताच आई एकटी चालत निघाली. मला म्हणाली, चल. मी म्हणाले, तू हो पुढं, मी याचा सोक्षमोक्ष लावते. आणि दिवसभर बसून पत्रक लिहिलं. मथळा दिला, खाली ठराव शब्दशः उतरला, प्रश्न विचारले. चांगलं झालं होतं. दिवेलागणीला आई आली. स्टेशन, नाका, लिंब, सगळीकडं हाका मारून घसा बसला होता. मी पत्रक वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं.

"लई चांगलं लिव्हलंस. ह्यात मांजर कुठं हाय?"

गुरुवारी पहाटे आई घागर घेऊन ओढ्यावर गेली, तर म्हातारी झिऱ्यापाशी पडलेली. पाण्याच्या वासानं आली असेल, पण खड्डा खोल, उतरता आलं नसेल. पंजे सोललेले, तोंडात वाळू. ओढ्याला पाणी असतं तर ती पलीकडंच राहिली असती. बुधवारी दुपारी ती त्या वाळूतनं कुठंतरी सरपटत असणार. तिथनं हाकेच्या अंतरावर घरात बसून मी तिच्याबद्दल लिहीत होते.

आईनं बोटानं पाणी पाजलं. दोन थेंब गेले, बाकी ओघळलं. पदरात घेऊन घरी आणली, तर ती मान उचलून दाराकडं सरकायला लागली. दोनदा आत घेतली, दोनदा सरकली. आईला कळलं. उठली आणि तिला घेऊन गोदामाच्या ओट्यावर जाऊन बसली. मी मागं.

सेक्रेटरी कुलूप काढायला आला आणि पायरीवरच थांबला. "ए बाई, हितं नको. हितं मरंल ती."

"व्हय. मरायलाच आलीया."

"मंग घरी ने की. झाडायला आलीस का बसायला?"

"आज बसायला आलेय."

तेवढ्यात चेअरमन आले. मला म्हणाले, तुझ्या आईला समजाव, शिकलेली हायस. मी म्हणाले, समजवायचं ते तिनं मला काल समजावलंय. ते म्हणाले, कामावरनं काढीन. आई म्हातारीच्या कानामागं बोट फिरवत होती आणि हळू आवाजात तिला सगळं सांगत होती, खडीचं, सुकडीचं, ती पहिला उंदीर घेऊन आली आणि आईच्या ताटाशेजारी ठेवला त्याचं. "जा आता म्हातारे. लई केलंस. जा."

दोघं रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. आपल्या डोळ्यांदेखत जायला नको म्हणून पाठ करून. आमच्या घरातले देव धर्मांतराच्या वेळी, मी जन्मायच्या आधीच, त्या ओढ्यात सोडले होते, तेव्हा त्याला पाणी होतं. पापाची भीती त्यांना होती. शेवटी जवळ बसलं होतं कोण, ते गावानं पाहिलं. ऊन ओट्यावर यायच्या आत ती गेली. आईनं तिला पदरात गुंडाळून बांधावरच्या बोरीखाली पुरलं. महिनाअखेर आईचं काम गेलं.

ते पत्रक मी छापलं नाही. हे लिहिलंय, आणि हे वाचणाऱ्याकडं माझं मागणं आहे. तुमच्या दारातलं जनावर म्हातारं होईल. तुम्ही पोतं शोधाल, कुणाच्या तरी हाती द्याल, आणि आम्ही मारलं नाही म्हणाल. पोतं खाली ठेवा. त्याच्यापाशी बसा, आणि ते जाईपर्यंत उठू नका.