न सांगता तुटलेली सळई

झुलत्या पुलाच्या दुरुस्तीत निघालेली जुनी सळई घेऊन सरपंचबाई आमच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. मी ती यंत्रात अडकवून ताण वाढवत नेला. चांगलं पोलाद तुटण्याआधी लांबतं, बारीक होतं. एका परीनं सांगून तुटतं. ही सळई मात्र जराही न लांबता फाडकन तुटली.

"पुलाच्या बाकीच्या सळयाही याच वेळच्या, अशाच आहेत," बाई पुटपुटल्या.

"मग पूल कधीही पडेल. आधी कळणारही नाही."

शाळा सुटायची वेळ झाली होती. त्यांनी लगेच गावात फोन लावला. "पोरांना पुलावर पाऊल टाकू देऊ नका!"

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, आम्ही दोघी ऐकत राहिलो.

"अडवली सगळी," पलीकडून आवाज आला. बाईंनी फोन ठेवला.

तेव्हापासून करकरणाऱ्या दाराचा, कुरकुरणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही.