दोन महिन्यांत चौदा पानं

बालाघाटच्या बसस्टँडवर गोंदियाची गाडी लागली. तिथून पुढे पुण्याची रेल्वे. बाबांनी बॅग आत ठेवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तुह्या बोलण्याले तिकडं हासतीन. हासू दे. वाचताना कोणाले घाबरू नको." मँगनीजच्या खाणीत राबलेला, चौथी शिकलेला माणूस एम.ए.ला निघालेल्या पोरीला वाचनाबद्दल सांगत होता. मी मान हलवली आणि गाडी राजेगावच्या रस्त्याला लागली.

पुण्यातली मुलं हसली, पोटभर हसली. बालाघाट मध्य प्रदेशात, म्हणून शाळा हिंदीत, घरात आपली बोली, त्यामुळे मी मराठी पुस्तक ओळीवर बोट ठेवून वाचायचे. पुढे त्याच शहरात एम.ए.च्या मुलांना साहित्य शिकवू लागले. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नवी नेमणूक.

पहिल्याच महिन्यात कळलं, की मुलांनी अभ्यासाला नेमलेली कादंबरी उघडलेलीच नाही. नायिकेचा स्वभाव विचारा, गाईडमधला घडाघडा म्हणतील. पान समोर ठेवून "इथं कोण बोलतंय?" विचारलं, की सगळ्यांच्या माना खाली. पोरं हुशार, पण कळलं नाही म्हणायची लाज. मला भयंकर राग आला, मुलांचा नाही, त्यांना ही लाज शिकवणाऱ्यांचा.

गावाकडच्या माणसांनो, तुम्हाला आठवत असेल, पावसाळ्याचे तीन महिने आपल्या वॉर्डातल्या बुद्धविहारात ग्रंथवाचन चालायचं. वाचायचे बाबा. ऐकायला बसणाऱ्या मैनाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण मध्येच हात वर करून म्हणायच्या, "थांबा भाऊ, मले नाही समजलं." बाबा मागे जायचे, पुन्हा वाचायचे. बाई "हौ" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही. सतरंजीवर बसलेलं कुणी चुळबुळ करत नसे.

तेच मी विद्यापीठात सुरू केलं. एकाने मोठ्याने वाचायचं, कुणीही थांबवायचं, थांबवणाऱ्याला उमगल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. दोन महिन्यांत चौदा पानं झाली. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "मॅडम, ही बालवाडी नाही. अभ्यासक्रम संपवा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा विचार करता येणार नाही." मी म्हटलं, "नका करू, सर. मी पान सोडणार नाही."

मग एक दिवस ते स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसले. ऋतुजा कादंबरीतल्या आईचं बोलणं वाचत होती. त्यांच्यासमोर कोण थांबवणार? तेवढ्यात ओंकारनं, गाईड तोंडपाठ असलेल्या ओंकारनं, हात वर केला. "थांब. मला कळलं नाही." त्याचे कान लाल झाले होते. ऋतुजा मागे गेली, दोनदा गेली. सर वहीत काहीतरी खरडून निघून गेले. तासाच्या शेवटी ओंकार म्हणाला, "मॅडम, ही आई रागावलेली नाहीये. घाबरलीये." हे कुठल्याही गाईडात नाही.

यंदा माझं नाव नेमणुकीच्या यादीत नाही. मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, मला बिचारी म्हणू नका. त्या पोरांची परीक्षा कधीच संपली, तरी अकरा जण रविवारी माझ्या भाड्याच्या खोलीवर पुस्तक घेऊन येतात. दारात चपलांचा ढीग पडला, की मला ही खोली घर वाटते. बालाघाटनंतर पहिल्यांदाच असं वाटतंय.

नोकरी गेल्याचं बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मंग वापस येऊन राह्यली का?"

"काहून येऊ, बाबा? अकरा पोरं वाचाले येऊन राह्यले माह्या घरी."

बाबांनी विचारलं, "सतरंजी पुरते का सगळ्यायले?"