दोन नावा आणि डावा बैल

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. आम्हा नवराबायकोचं स्वातंत्र्य अजून यायचं होतं. शेळगावच्या आमच्या घरात खोल्या दोन आणि माणसं खळ्यावरच्या चिमण्यांइतकी. बायका आत ओळीनं झोपायच्या, पुरुष अंगणात बैलांच्या सोबतीला. लग्नाला वर्ष होत आलं, तरी नवऱ्याशी चार शब्द बोलायचे म्हणजे मला विहिरीवर जावं लागे, आणि तिथंही एखादी नणंद घागर घेऊन हजर.

म्हणून सासऱ्यांनी भीमेपलीकडची मळई कसायला घेतली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. तोंडावर मी तो दिसू दिला नाही, पण त्या दिवशीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. मळई म्हणजे पूर ओसरल्यावर नदी मागं ठेवून जाते ती गाळाची जमीन. तिथं काकडी, कलिंगडं लावायची, माल नावेनं अलीकडं आणायचा आणि गाडीनं इंदापूरच्या बाजाराला न्यायचा. राखणीला हंगामभर दोघांनी तिथं राहायचं, आणि ते दोघं म्हणजे आम्ही. मळईवर खोप घालावी, तर तिथं विंचवांची वस्ती आमच्याआधीची होती. राहायचं ते नावेतच.

नदीवरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याची मुलं साखर कारखान्यात लागली होती. त्यानं आपल्या दोन्ही जुन्या नावा विकायला काढल्या. त्यातली एक घ्यायची होती. सासरे, नवरा आणि मी गाडी जुंपून बघायला निघालो. मला न्यायचं काही कारण नव्हतं, पण सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हायचं तिला हाय, बघू द्या की तिला." त्या एका वाक्याबद्दल मी त्यांचे पुढचे अनेक गुन्हे माफ केले.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबा बैलबाजारातले नावाजलेले पारखी. नाव त्यांनी जन्मात विकत घेतली नव्हती, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. दोन्ही नावांभोवती ते हळूहळू फिरले, कुशीवर थापा मारल्या, मागं जाऊन वाकून पाहिलं. दात बघायची सोय नव्हती, एवढीच काय ती अडचण.

पहिली नाव अरुंद, लांब, पाण्यात उभी. नावाड्यानं शीड उभारलं आणि ती अशी सुटली की आबांची पानाची चंची नदीत गेली. नवऱ्याचा चेहरा मात्र उजळला. तो मनातल्या मनात इंदापूरच्या बाजारात सगळ्यांच्या आधी पोचलासुद्धा. मी तळाशी बसून वेगळाच हिशेब करत होते. चुलीला जागा नाही. डोक्यावर छप्पर नाही. झोपायचं तर दोघांपैकी एकानं डोलकाठीला मिठी मारायची आणि दुसऱ्यानं कूस बदलण्याआधी पहिल्याला विचारायचं.

दुसरी नाव काठावर उन्हात ओढून ठेवलेली. रुंद, बसकी, शिडाला ठिगळं. पण तिच्यावर बांबूच्या तट्ट्यांचं छप्पर होतं. आत मातीनं लिंपलेली चुलीची जागा, भांड्यांना फळी, आणि झोपायला ऐसपैस तळ. छपराला एका बाजूनं पोत्याचा पडदा होता. त्या पडद्याकडं मी जरा जास्तच वेळ पाहिलं असावं, कारण नवऱ्यानं एकाएकी खाकरून नदीकडं तोंड फिरवलं.

मग ती नाव पाण्यात ढकलली आणि प्रत्येक फटीतून पाणी आत यायला लागलं. घोट्याइतकं झालं तसे आबा उतरले. नावाडी शांतपणे म्हणाला, दोन दिवस पाणी पिऊ द्या, मग गळणार न्हाय. आबा नुसते हसले. विकणारा बैलाला शांत म्हणाला की तो मारका समजायचा, असा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. "चाळण हाय ही," ते म्हणाले. अरुंद नाव पक्की करायला उद्या येतो, असं सांगून आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मी गाडीत मागं बसले होते. माझं घर मागं नदीकाठी राहिलं होतं, पडद्यासकट. रडू येत होतं, पण सासऱ्यांच्या पाठीमागं बसून रडायलाही मोकळीक नव्हती.

वाटेत ओढा लागला. आबांनी गाडी पाण्यात घातली आणि तिथंच उभी केली. उन्हानं लाकूड आकसलं होतं, चाकावरची लोखंडी धाव खडखडत होती. "पिऊ दे चाकांना," ते नवऱ्याला म्हणाले, "फुगली की धाव घट्ट बसंल." दर वर्षी ऊन तापलं की ते हेच करत. त्यात नवल काहीच नव्हतं, आणि तरी मी ताडकन सरळ बसले.

आता पंचाईत अशी की सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसे. निरोप कुणाच्या तरी मार्फत द्यायचा. नवरा अरुंद नावेच्या बाजूचा, त्याचा भरवसा नाही. मी खाली उतरले, पदर नीट घेतला आणि डाव्या बैलाच्या मानेवर पाणी शिंपडत त्यालाच मोठ्यानं विचारलं, "काय रं, चाकाला तहान लागती तर नावंला लागत नसंल व्हय?"

बैलानं कान हलवला. आबांनी चाकाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तेही बैलाशीच बोलले. "येवढं कळत हुतं, तर नदीवर का न्हाय बोललास?"

मी बैलाच्या वतीनं म्हटलं, "सासऱ्याम्होरं बोलायची रीत न्हाय त्याच्यात."

नवऱ्याला ठसका लागला. आबांची पाठ हलली. हसले की काय, ते दिसलं नाही. त्यांनी कासरा ओढला आणि गाडी नदीकडं वळवली.

रुंद नाव धोंडे भरून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी उपसली तेव्हा तळ आमच्या चुलीसारखा कोरडा राहिला. पुढं ती इतकी सावकाश चाले की काठावरची मेंढरं आम्हाला मागं टाकून जात. नवरा शीड धरून उसासे टाकी. संध्याकाळी पडदा पडला की त्याची तक्रार थांबे.

पंधरवड्यानं आबा गाडी घेऊन बघायला आले, तेव्हा नाव अलीकडच्या काठाला लागलेली होती. मी चुलीवर पिठलं ढवळत होते. ते काठावर आले, आणि नावेत सरळ पाय टाकायच्या ऐवजी पाण्याच्या कडेला थांबून खाकरले, सुनेच्या दारात सासऱ्यानं खाकरावं तसे. मी पदर सावरला. पडद्याबाहेर ते गाडीच्या डाव्या बैलाला म्हणाले, "इचार बाबा आत. येऊ का म्हणावं."