बेटावरचं दीपगृह उतरवलं तेव्हा

जर्मनीतल्या कोलोन शहरातली नोकरी सोडून मी उत्तरेकडच्या या बंदराच्या गावात आले, ती पुलांच्या इन्स्पेक्शनच्या कामासाठी. लोखंड कुठे गंजलंय आणि कुठे अजून तग धरेल, हे बघून सांगायचं, एवढंच माझं काम. गावात ओळखीचं कुणीच नव्हतं. एका रविवारी वेळ जाईना, म्हणून फेरीबोटीत बसून बंदराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर गेले. तिथे गवत, मेंढ्या आणि एका टोकाला बिडाचं जुनं दीपगृह.

दारात सत्तरी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या. इथला दिवा सांभाळणाऱ्या शेवटच्या माणसाच्या त्या मुलगी. जन्मही तिथलाच. दीपगृह टिकावं म्हणून गावातल्या काही हौशी लोकांनी एक फेराइन, म्हणजे मंडळ काढलं होतं, त्याच्या त्या अध्यक्ष. जिना चढता चढता त्या सांगत होत्या. आधी तेलाचा दिवा होता, मग गॅसचा, मग विजेचा. धुकं पडलं की वडील रात्रभर भोंगा वाजवायचे आणि आई मुलांच्या कानांत कापूस घालून त्यांना झोपवायची. पुढे जहाजं उपग्रहांच्या मदतीने वाट काढायला लागली आणि एक दिवस कार्यालयातून माणूस येऊन स्विच बंद करून गेला. त्यानंतरही वडील बरीच वर्षं दिव्याचं भिंग पुसत राहिले.

मी मंडळात सामील झाले. उन्हाळ्यात सगळे मिळून रंग खरवडायचो, नवा द्यायचो. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज लोखंड बघता. आमचंही बघा ना एकदा नीट."

मी ते टाळत आले होते. शेवटी हातोडी घेऊन गेले. चांगलं बीड खणखणीत वाजतं. इथे तळाच्या भागावर हातोडी मारली, तर ओल्या लाकडावर मारल्यासारखा आवाज आला. मोठ्या जहाजांसाठी बंदराचा तळ खोल करत नेला होता. त्यामुळे प्रवाह बदलून पायाखालचे लाकडी खांब उघडे पडले होते आणि कुजले होते.

त्या शेजारीच उभ्या होत्या. "रंगाचे आणखी हात दिले तर?"

"दिसायला बरं दिसेल."

"आल्झो, तर मग खरं काय ते सांगा."

"पायाच गेलाय. वरचं कितीही दुरुस्त केलं तरी उपयोग नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. त्यांना ते आधीच माहीत असावं.

मी रिपोर्ट दिला आणि लोकांना आत जायला बंदी आली. बघायला कुणी येईना, तसे मंडळातले लोकही यायचे थांबले. वास्तू संरक्षित, म्हणून पाडता येत नव्हती. पण पाया बांधायचा कुणी, ते ठरत नव्हतं. बंदराचे लोक राज्य सरकारकडे बोट दाखवायचे, सरकार गावाकडे आणि गाव आमच्याकडे. आम्ही दोघी या दारातून त्या दारात फिरत राहिलो. सगळीकडे कॉफी मिळाली, सगळे आदराने बोलले.

मग हिवाळ्यातल्या एका वादळात दीपगृह कललं. इतकी वर्षं न झालेला निर्णय आठवड्याच्या आत झाला. धोका होता, उतरवायचं ठरलं.

तोवर बाई आल्टर्सहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात राहायला गेल्या होत्या. मी त्यांना घेऊन बेटावर गेले. क्रेनने सगळ्यात आधी वरची दिव्याची खोली उचलली. ती हवेत जराशी फिरली आणि भिंगावर ऊन पडलं. कामावरच्या मुकादमाने जवळ येऊन विचारलं, "आठवण म्हणून काही हवंय का?"

त्यांनी बराच वेळ वर बघितलं. "नको," त्या म्हणाल्या, "खोलीत जागा नाही."

वसंतात मंडळ बरखास्त करायची सभा झाली. आम्ही एका टेबलापुरते उरलो होतो. ठराव वाचल्यावर पहिला हात त्यांचाच वर गेला. मग आमचे.

दिव्याची खोली कुठल्याच संग्रहालयाला नको होती. ती बंदराच्या आवारात ताडपत्रीखाली पडून आहे. कामाला जाताना मला ती दिसते. ताडपत्री फाटलीये, आत पाणी साचतं, भिंगाची एक बाजू फुटलीये. महिन्यातून एकदा मी बाईंना भेटायला जाते. आम्ही हवेबद्दल बोलतो, जेवणाबद्दल बोलतो. भिंगाचं त्या विचारत नाहीत आणि मीही सांगत नाही.