टोलीची दारं

टोलीतल्या लोकांना शाळेतून निघा, असं मी एकदाही म्हणालो नाही. मी फक्त विचारलं, "तुमचे सोयरे कुठे कुठे आहेत?" तेवढ्यावर ते समजले.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर शिक्षक होतो. बायको गोंदियात नोकरीला, मुलगी तिथल्याच शाळेत. मी आठवडाभर गावात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि शनिवारी दुपारच्या गाडीने घरी जायचो. गाव उंचावर होतं. तिथे धानाची शेती असलेली घरं होती. खाली, तलावाच्या पाळीला म्हणजे मातीच्या बांधाला लागून, ढिवरांची टोली होती. चौदा घरं, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. तलावातली मासेमारी हेच त्यांचं पोट. शेत कुणाच्या नावावर नव्हतं, आणि घरं ज्या जागेवर उभी होती तिचाही कागद कुणाकडे नव्हता.

त्या उन्हाळ्यात तालुक्याला शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पूर आला तर गावाने काय करायचं, हा विषय. बाकीचे जेवण करून विसरले, मी मात्र मनावर घेतलं. खरं सांगायचं तर संध्याकाळी मला करण्यासारखं काही नसायचं. शाळा सुटली की खोलीत भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा टोलीत जाणं बरं. कोणती वाट आधी बुडते, चालू न शकणाऱ्याला कोण उचलणार, शेळ्या कोण सोडणार, हे मी घरोघर बसून ठरवलं. शाळेची घंटा न थांबता वाजत राहिली की सगळ्यांनी हातातलं टाकून वर यायचं, असं ठरलं.

टोलीत सगळ्यांत वयस्कर एक म्हातारी होती. सगळे तिला माय म्हणायचे, मीही म्हणू लागलो. माझं बोलणं ऐकून ती म्हणाली, "गुर्जी, पानी आला का आमी पोहून निंगू. तुमाले पोहता येते का?"

मला येत नव्हतं.

"मंग घंटा वाजवा अन् तुमीच पहिले झाडावर चढा," ती म्हणाली, आणि टोली हसली.

ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी दुपारी पाळीची माती घसरू लागली. मी घंटा वाजवली. तासाभरात चौदाही घरांतली माणसं वर आली, शेळ्यांसकट. दिवस मावळायच्या आधी पाळ फुटली आणि टोलीवरून पाणी गेलं. माणूस एकही गेला नाही. लोक मला भेटायला येऊ लागले. मी नम्रपणे मान खाली घालायचो आणि मला ते आवडायचं.

त्यानंतर तीन आठवडे टोली शाळेत राहिली. दोन वर्गखोल्यांत साड्या बांधून आडोसे केले होते. चुली व्हरांड्यात. जाळी झेंड्याच्या खांबाला वाळत घातलेली. मी रोज त्यांच्याबरोबर जेवायचो, भात आणि सुक्या झिंग्यांचा रस्सा. माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत चांगले दिवस होते, हे लिहायला लाज वाटते. त्यांची घरं पडली होती, आणि मला जेवायला सोबत मिळाली होती.

मग शाळा समितीचा अध्यक्ष आला. वरच्या गावातला शेतकरी. पहिल्या दिवशी त्यानेच तांदळाची दोन पोती पाठवली होती, म्हणून त्याला मी वाईट म्हणू शकत नाही. दारात उभा राहून तो म्हणाला, "गुर्जी, हे शाळा आहे का धरमशाळा? आमची पोट्टी घरी गोट्या खेळून राहिली."

"थोडे दिवस," मी म्हणालो.

"थोडे म्हंजे किती? का वरून विचारना झाली म्हंजे सांगता?"

वरून, हा शब्द मला लागला. गोंदियाजवळच्या शाळेसाठी माझा बदलीचा अर्ज गेलेला होता. शाळा बंद असल्याची तक्रार माझ्या नावाने गेली तर तो अर्ज तिथेच अडकेल, असं मी धरून चाललो. तसं मला कुणीही सांगितलं नव्हतं. शाळा रिकामी करण्याचा आदेशही नव्हता. त्या रात्री जेवताना मी तो सोयऱ्यांचा प्रश्न विचारला.

"दिवाळीपर्यंत," मी म्हणालो. "जागा सुकली की परत या. तोवर वरच्या पडीत जागेसाठी अर्ज करू. तिथे पाणी कधीच येणार नाही."

मायने पुढ्यातला भात कालवला. मग म्हणाली, "तीन दिवस पावना, चवथ्या दिवशी नवकर. बरं. तुमी म्हंता तं जातो."

मी म्हणतो म्हणून. पाण्यातून काढणारा माणूस पुढचंही बरोबरच सांगत असेल, असं त्यांनी मानलं.

जायच्या दिवशी एकाने मला विचारलं, "गुर्जी, दारं राहू द्याची का न्याची?" त्यांच्याकडे घराचं मोल दारात असतं. मातीची भिंत पडते, पुन्हा उभी राहते. सागाचं दार बापाच्या हातचं असतं आणि मुलगा ते नव्या भिंतीत बसवतो. पाणी ओसरल्यावर चिखलात सगळ्यांची दारं चौकटींसकट शाबूत निघाली होती. मी म्हणालो, "न्या. रिकाम्या टोलीत चोरीला जातील." त्यांनी दारं धुतली, उरलेली कवेलूही वेचली आणि बैलगाड्यांत घालून पाच-सहा दिशांना गेले. मला ती व्यवस्था शहाणपणाची वाटली. दुसऱ्या दिवशी मी वर्ग सारवून घेतले आणि शाळा भरवली.

दोन आठवड्यांनी तलाठी पंचनाम्याला आला. पंच म्हणून अध्यक्ष आणि मी. नियम साधा होता. लोक राहत असलेलं घर पुरात पडलं असेल तर मदत मिळणार आणि उंचावर जागा मिळणार. आधीच सोडून दिलेलं घर असेल तर काही नाही. आम्ही तिघं टोलीत उभे राहिलो. समोर चौदा ढिगारे होते. कुठे चौकट नाही, कवेलू नाही, माणूस नाही.

"इथं तर कोनी राहत होतं असं वाटतच नाही," तलाठी म्हणाला.

मी म्हणालो, "राहत होते. सोयऱ्यांकडे गेलेत. दारं बरोबर नेलीत."

"दार काढून नेणारा मानूस परत येते का गुरुजी?"

"येतील. दिवाळीला."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने कागद माझ्यापुढे केला. "मंग तसं लिहून द्या ना. शाळेत होते, तुम्ही त्यांना जायला सांगितलं, कोनत्या तारखेला, कोनाच्या आदेशानं. मी ते जोडतो, अन् सगळ्यांची नावं घेतो."

कोणाच्या आदेशाने. मी पेन हातात धरून उभा होतो. अध्यक्ष तलावाच्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत होता. मी लिहिलं असतं तर चौदा घरं कागदावर आली असती, आणि पूरग्रस्तांना परवानगीशिवाय घालवून देणारा म्हणून मीही आलो असतो.

"नंतर देतो लिहून," मी म्हणालो.

"सही तर करा."

पंचनाम्यात 'सदर घरे वापरात नसल्याचे आढळले' असं लिहिलं होतं. मी वाचून सही केली. न वाचता केली, असं म्हणायचीही सोय मी ठेवली नाही.

दिवाळीत मी गोंदियाला होतो. सुट्टी संपवून आलो तेव्हा अध्यक्षाने सांगितलं, "आले होते तुमचे लोक. गाड्यांत दारं घेऊन. यादीत नाव नाही म्हून ऐकलं, तलावात पानी नाही, मासोळी नाही. दोन दिवस बसले, मंग गेले."

"काही म्हणाले?"

"गुर्जी कोठी आहेत, म्हून विचारत होते."

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. मुलगी शाळेतून यायची तेव्हा मी घरी असायचो. जेवायला तिघं बसायचो आणि तरी मला कुणाशी बोलता यायचं नाही. बायकोने दोन-तीनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. आणि याच काळात मी पूरप्रशिक्षणात शिकवू लागलो होतो. घंटा, वाट, तासाभरात चौदा घरं, एकही जीव गेला नाही. एवढं सांगून मी थांबायचो. लोक टाळ्या वाजवायचे.

सात-आठ वर्षांनी अशाच एका प्रशिक्षणासाठी नवेगाव बांध या गावी गेलो होतो. परतताना बाजारात सुकी मासोळी घेऊन बसलेली माय दिसली. मला वळून जाता आलं असतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"गुर्जी ना?" ती म्हणाली. "मोटे झाले तुमी."

टोली कुठे कुठे गेली ते तिनेच सांगितलं. दोन घरं इथे, तीन घरं लाखांदूर गावाकडे, बाकीचे नागपूरला बांधकामावर. पाळ पुन्हा बांधली, पण तलावाचा ठेका दुसऱ्यांनी घेतला. मोठं जाळं ओढायला वीस माणसं लागतात, ती आता एका जागी नाहीत. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मधूनच गिऱ्हाईकाला भाव सांगत होती.

मी तिला सगळं सांगितलं. बदलीचा अर्ज, तलाठ्याने पुढे केलेला कागद, माझी सही. ती मासोळीवरच्या माश्या हाकत ऐकत होती. मी थांबलो तेव्हा तिने विचारलं, "मंग तवा काऊन नाही लिवला?"

"भ्यालो."

"आता भेतेस का?"

"नाही."

"मंग आता लिव."

मी पिशवीतून प्रशिक्षणाची वही काढली, पान फाडलं आणि तिथेच बसून लिहिलं. या चौदा कुटुंबांना कोणताही आदेश नसताना मी शाळेतून पाठवलं. दारं न्यायला मीच सांगितलं. घरं राहती होती. तरीही पंच म्हणून मी खोटी सही केली. खाली नाव घातलं. अक्षर नेहमीसारखं नीट आलं.

"वाचून दाखव," माय म्हणाली.

मी वाचलं. वाचून व्हायला फार वेळ लागला नाही. शेजारची भाजीवाली बाई ऐकत होती, तिने मान फिरवली.

"एवढाच लिवाचा होता?" मायने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. "तूच नेऊन दे," ती म्हणाली. "मले कचेरीत कोन जाऊ देते?" आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.