अंदाजे पन्नास

नंदुरबारच्या एका खाजगी दवाखान्यात तबस्सुम सिस्टरने अकरा वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. तिथल्या केसपेपरवर बहुतेक बायकांचं वजन एकच असे: अंदाजे पन्नास. काटा तळमजल्यावर, थिएटर वर. आधी वजन करू या, असं भुलीच्या डॉक्टरांना सांगून ती थकली होती.

धडगावकडच्या डोंगरातली कालीबाई पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली. तिला टेबलावर घेतानाच तबस्सुमच्या हातांना कळलं, ही पस्तीस किलोच्या वर नाही. तिने तसं सांगितलंही. डॉक्टरांनी मान हलवली आणि स्नायू सैल करणारं औषध नेहमीइतकंच भरलं.

ऑपरेशन संपलं. औषधाचा उतारा देऊन डॉक्टरांनी घशातली नळी काढली आणि अंगात ताकद परत आली का ते बघायला मराठीत सांगितलं, डोकं उचला. डोकं हललं नाही. बाई पावरी बोलणारी, तिला समजत नसेल, म्हणत ते हातमोजे काढू लागले. कालीबाईचे डोळे अर्धवट उघडे होते, श्वास गळ्याशीच अडत होता.

तबस्सुमने तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क दाबून धरला आणि बाहेर बसलेल्या तिच्या मुलीला, रिनाला, आत बोलावून घेतलं. रिनाने आईच्या कानाशी पावरीत तेच सांगितलं. कालीबाईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मान तशीच राहिली.

“भाषेचा प्रश्न नाही, सर,” तबस्सुम म्हणाली. “औषध उतरलेलं नाही. तिला सगळं ऐकू येतंय आणि तिचा श्वास कोंडतोय.”

डॉक्टरांनी गुंगी देऊन पुन्हा नळी घातली. मनगटाच्या नसेला बारीक झटका देऊन अंगठा किती हलतो ते दाखवणारं यंत्र कपाटात दोन वर्षं खोक्यातच होतं. तबस्सुमने ते काढून लावलं. अंगठा जेमतेम थरथरला. तो जोमाने हलायला पाऊण तास लागला. मग नळी निघाली.

संध्याकाळी कालीबाई बोलली. रिनाने मराठीत सांगितलं: जिवंतपणी मातीत पुरल्यासारखं वाटलं, म्हणते.

तबस्सुमचं डोकं भणभणलं. तिने कालीबाईचं वजन करवलं, चौतीस भरलं. ते, दिलेलं औषध आणि सगळ्या वेळा तिने केसपेपरवर लिहून काढल्या. डॉक्टरांनी पान बदलायला सांगितलं.

“नाही बदलणार. खोटं असेल तर खाली तसं लिहा आणि सही करा.”

सही कुणी केली नाही. आठवड्याने तबस्सुमला ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. कालीबाई चालत घरी गेली. भुलीचे डॉक्टर समोर आले, तर तबस्सुम अजून त्यांच्याकडे बघत नाही.