आत्या वरून आली तेव्हा

माझी आत्या चष्मे करायची. खाली दुकान, वर तिची खोली. दुकानात इतके आरसे की एका आत्याच्या पाच आत्या दिसत. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं, तर म्हणायची, "सगळ्यांना नीट बघून घेतलं ना, म्हणून!"

समुद्रापलीकडच्या बेटावर डॉक्टर डोळे तपासून यायचे आणि मागाहून आत्या चष्मे घेऊन जायची. एकेकाच्या नाकाकानावर ते नीट बसवून द्यायची. बोटीत तिला मळमळायचं, म्हणून ती टपालाच्या छोट्या विमानातून जाई. ते चालवणारा माणूस गप्पिष्ट. सगळे त्याला कॅप्टन म्हणत.

त्या खेपेला दोघं परत निघाली तेव्हा आभाळ निवळशंख होतं. वाटेत वारा समोरून यायला लागला आणि विमान रेंगाळलं. किनारा आला, पण धुक्याखाली. धावपट्टी दिसत नाही, थांबा, असं खालून रेडिओवर सांगितलं. कॅप्टन घिरट्या घालत राहिला. धुकं काही हटेना, आणि दुसरीकडे जावं तर तेवढं इंधन उरलं नव्हतं.

"ताई, झोपलात?"

"नाही हो. दुधात बुडल्यासारखं वाटतंय."

"टाकीत आता काही राहिलं नाही, ताई."

"म्हणजे किती आहे?"

"बोलण्यापुरतं."

"मग गप्प बसा आणि चालवा!"

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

त्यानंतरचं आत्या फार हळू आवाजात सांगायची. पंखांवरून वारा सरकत होता, कोणी शेजारच्या खोलीत रेशीम उलगडावं तसा. सगळीकडे पांढरं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. त्या पांढऱ्यात तिला तिची आई दिसली. आई गेली तेव्हा आत्या इतकी लहान होती की तिला तिचा चेहराही आठवत नसे. आई धुतलेल्या चादरीची दोन टोकं धरून उभी होती. म्हणाली, "ताणून धर गं, घडी नीट पडेल." आत्याने हात पुढे केले. हनुवटीवरचा तीळसुद्धा तिने पाहिला.

"डोकं खाली!" कॅप्टन ओरडला.

खालून एकदम गवत वर आलं. चाकं मोडली, एक पंख मागेच राहिला आणि विमान दलदलीत नाक खुपसून थांबलं.

आत्याच्या बरगड्या ठणकत होत्या. चष्मा कुठे उडाला पत्ता नाही. कॅप्टनचा पाय पुढच्या पत्र्याखाली अडकला होता आणि रेडिओ मेला होता. तिने चाचपडत आपला स्कार्फ त्याच्या पायाला घट्ट बांधला.

"मदत आणते. तुम्ही बोलत राहा, म्हणजे मला परत येता येईल."

"काय बोलू?"

"आयुष्यात पहिल्यांदाच विचारताय!"

कॅप्टन आपल्या मामेभावांच्या भानगडी मोठमोठ्याने सांगू लागला. आत्या गुडघाभर चिखलातून आवाज ऐकू येईल तिथपर्यंत जायची, हाका मारायची, मागे फिरायची आणि पुन्हा दुसऱ्या दिशेला जायची. भीती वाटलीच नाही, म्हणायची. आपणच कोणाच्या तरी स्वप्नात फिरतोय असं वाटत होतं. शेवटी धुक्यातून एका बाईचा आवाज आला, "कोण गं ते?"

"आम्ही वरून आलोय!"

"वरून? मग इथे चिखलात काय करताय?"

ती दलदलीत गवत कापणारी होती. तिने आधी आपल्या नवऱ्याला बोलावलं, मग सगळ्या वस्तीला. फळीवर झोपवून कॅप्टनला बाहेर काढलं तेव्हाही तो बोलतच होता.

पाय वाचला, पण लंगडणं राहिलं. पुढे त्याला धावपट्टीवर रेडिओजवळचं काम मिळालं. बोलायचंच काम, त्यामुळे गडी खूश. टपालाचं विमान बंद झालं. आत्याच्या बरगड्या जुळून आल्या आणि ती मुकाट्याने बोटीने जाऊ लागली.

एकदा मी तिच्याबरोबर गेले. बंदर सोडून बोट दलदलीच्या कडेने चालली होती. आत्या मळमळून हिरव्या पडलेल्या चेहऱ्याने कठड्याला धरून उभी होती.

"तिकडे कोणी आहे का गं?"

"एक बाई आहे. गवत कापतेय."

ती तीच होती की नाही, कोण जाणे. आत्याने दोन्ही हात वर करून हलवले. बाईने जरा वेळ पाहिलं, मग विळा खाली ठेवला आणि तिनेही हात हलवला.